सोपटाची बोरमाळ

"सोपटाशीच लगीन लावून बसायलीस का काय? ऊठ की भवाने, दहाला पाव्हणे येतेत." सकाळपासून सिंधुकाकूच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

तनुजा हूं म्हणाली आणि खरवडत राहिली. केळीचा घड उतरला की खुंट बांधावर सडतो, अर्धापूरकडं सगळ्यांचाच सडतो. ही पोरगी तोच सोलून आणायची. खुंटाचे सुटलेले पदर म्हणजे सोपटं, ती फळीवर अंथरायची, बोथट विळ्यानं गर काढायची आणि उरलेला धागा सावलीला टाकायची. मग हळदीत न्हाईतर डाळिंबाच्या सालीत बुडवून, पाण्याचा हात लावून मांडीवर पीळ द्यायचा. पाणी न्हाई लावलं की धागा तुटलाच समजा. कुणी शिकवलं नव्हतं तिला. हरभरा उपटताना घाटे बघितले, तशी बोरमाळ वळली. करडईची बोंडं बघून कानातलं केलं. आईबाप लहानपणीच गेलेले. रामकिशनकाकाच्या घरात शेण काढून, भाकरी थापून जो वेळ उरायचा, तेवढाच काय तो तिचा.

पाव्हणे किल्लारीचे, शिल्पाला बघायला येणार. शिल्पा काकाची पोरगी, तनुजाहून दोन वर्षांनी थोरली. पोरगी दाखवायची म्हणजे तिच्या हातचं काहीतरी पुढं मांडावं लागतं, आणि शिल्पाला तर सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून आदल्या दिवशी काकानं तनुजाला जवळ बसवलं. असं जवळ त्यानं तिला कधीच बसवलं नव्हतं.

"तुझ्या माळा शिल्पाच्या म्हनून सांगू. तू मधी बोलू नगंस. तिचं जमलं की तुला नांदेडच्या बचत गटात लावून देतो. तिथंच रहा, तिथंच माळा कर."

गटाच्या बाया तिला दोनदा बोलवून गेल्या होत्या. तनुजाला दुसरं काहीच नको होतं. ती हाव म्हणाली. कोन न्हाई म्हणलं असतं?

पोराची आई गुरम्मा मोठी चौकस बाई. बोरमाळ तळहातावर घेऊन तिनं उलटीपालटी केली.

"कोनी केली?"

"आमच्या शिल्पानं," काकू म्हणाली. "लहानपनापासून नादच हाय तिला."

"आन् ही पोरगी?"

"दिराची पोर. हिला काय येतंय? शेण काढाया बरी."

खोटं ऐकायची तयारी तनुजानं केली होती. हे ऐकायची न्हाई. तिनं रिकाम्या कपबश्या उचलल्या.

लगीन ठरलं. जाता जाता गुरम्मा म्हणाली, "सुनंला घरातच दुकान घालून देऊ. दिवाळीपत्तर शंभर माळा व्हाव्यात." काकूनं हसून मान डोलावली आणि पाव्हण्यांची जीप वळताच नवऱ्याला म्हणाली, "शंभर माळा तिकडं वळायच्या कोनी?"

चार दिवस नवराबायकोची कुजबूज चालली. मग काकूलाच उपाय सुचला. गुरम्माचा थोरला, अमरेश, चाळिशीचा, बिनबायकोचा. त्याला तनुजा द्यायची, एकाच मांडवात दोन्ही उरकायचं. काकूनं निरोप धाडला सुद्धा. हे तनुजाला सांगितलं ते शिल्पानं.

"लई बरं झालं बाई. तिकडं तू माळा करशील, मी नाव सांगीन. मला करमंल बी." शिल्पानं लाडानं तिच्या खांद्यावर हात टाकला. तिच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं, आणि त्याचीच तनुजाला जास्त भीती वाटली.

ती काकाकडं गेली. "काका, नांदेडचं काय?"

"माळाच करायच्या न्हवं? तिकडं कर."

"त्या अमरेशनं पैल्या बायकोचा हात मोडला, म्हनून ती सोडून गेली."

"तू नीट वाग. मग कशाला मोडतोय?"

आठवड्यानं गुरम्मा कुंकू लावायला आली. "धाकटी सून माळा करती. थोरल्याला करायची ती हिला काय येतंय?"

"हिला बी येतंय की ईहीणबाई," काकू घाईनं म्हणाली. "शिल्पानंच शिकवलंय." आणि तिनं धाग्याची पेंढी तनुजाच्या मांडीवर ठेवली.

धागा चांगला उतरला होता, मऊ, लांबसडक. तनुजानं तो एकदा बोटावरून जाऊ दिला आणि पेंढी खाली ठेवली.

"मला न्हाई येत मावशी. ताईचंच हाय सगळं. मला शिकवलं तर मी धागा नुसता तोडते."

"मग हे नुसतं खायचं तोंड कशाला नेऊ मी?" गुरम्मानं कुंकवाची डबी मिटली. "शिल्पा, तू बस गं. एक पदर वळून दाव."

शिल्पा बसली. कोरडाच धागा तिनं मांडीवर घासला, तो तुटला. दुसरा तुटला. तिसऱ्याला तिनं आईकडं बघितलं. काकू तनुजाकडं बघत होती, जन्मात बघितलं नव्हतं अशा काकुळतीनं. पाणी लाव, एवढं एकच सांगायचं होतं. तनुजाच्या जिभेवर आलेलं ते तिनं गिळलं. शिल्पाचे डोळे भरले तेव्हा तिलाही रडू आलं.

गुरम्मा उठली. आणलेला नारळ तिनं परत पिशवीत घातला आणि ती जीपकडं चालायला लागली.

शिल्पा दार लावून बसली. काकानं नांदेडचं नाव पुन्हा काढायचं न्हाई म्हणून बजावलं. काकूनं माळ्यावरच्या सगळ्या पेंढ्या, सगळ्या माळा चुलीपुढं आणून टाकल्या.

"तूच लाव. तुझ्या हातानं लाव."

तनुजानं एकेक पेंढी आत सारली. वाळलेला धागा हात मागं घ्यायच्या आत पेटायचा. अमरेशच्या घरी आता तिला कोणी नेणार नव्हतं. आणि हात चालवून दाखवायची सोय ह्या घरातच काय, गावात कुठंच राहिली नव्हती, कारण पाव्हण्यांदेखत तिनं स्वतःच्या तोंडानं येत न्हाई म्हणून सांगितलं होतं. आता ती माळ वळताना दिसली, की ते किल्लारीला पोचणार आणि अमरेशसाठी निरोप परत येणार.

"सरल्या का?" काकूनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली, आणि भाकरीसाठी तवा ठेवला.