तेल लागलेली खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. माझ्या अंगावर साधा ओरखडाही नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

व्हायोलिन बनवणाऱ्या एका काकांच्या कारखान्याच्या मागच्या दाराशी मला जमिनीत ठोकले. माझी जुळी बहीण दूर कुंपणाशी गेली. ठोकणाऱ्या होत्या कीटकतज्ज्ञ बाई. वाळवीने आधी आम्हाला खावे, म्हणजे ती आल्याचे वेळेत कळेल, एवढेच आमचे काम. कारण आत काकांनी लेकीच्या व्हायोलिनसाठी वीस वर्षे जपलेली फळी होती.

आधी बहिणीकडे वाळवी आली. बाईंनी तिला उपटून दाखवले. मऊ थर खाल्लेले, कडक थर तसेच, जणू पुस्तकाची पाने. शंभर किड्यांत एखाददुसरा राखण करणारा सैनिक, लांबट डोक्याचा. आंधळ्या जिवांचे ते कोरीवकाम पाहून मी थक्क झाले. बाईंनी औषध टाकले आणि बहिणीचे तोंडभर कौतुक केले.

मग माझ्या अंगावर वाळवीची मातीची बारीक नळी चढू लागली. ही जात निराळी होती. शंभरात दहा सैनिक, डोकी अंड्यासारखी, आणि डिवचले की कपाळावर दुधासारखा चिकट थेंब! ती मऊ-कडक काही पाहत नाही. मला भीती वाटली, पण आपली पाळी आली म्हणून ऊरही भरून आला.

काकांना मात्र बघवेना. त्यांनी नळी पुसली, मला उपटून टोकापर्यंत तेल चोळले आणि परत ठोकले. वाळवी मला वळसा घालून गेली.

काही महिन्यांनी बाई आल्या.

"हिला काय लावलंत?"

"तेल. डोळ्यांदेखत खाऊ कसं देणार?"

"अहो, तिचं कामच ते होतं."

काकांनी आत धावत जाऊन फळीवर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. वर कागदाइतके पातळ लाकूड उरले होते. भिंतीत, चावलेल्या लाकडाच्या लगद्याचे घागरीएवढे घरटे निघाले. त्यातल्या असंख्य खोल्या पाहायला बाईसुद्धा औषधाची बाटली खाली ठेवून वाकल्या, आणि मगच त्यांनी औषध टाकले.

फळीचा वीतभर तुकडा शाबूत होता. लेक म्हणाली, "बाबा, हा तुकडा दाराशी लावा. याची चव वाळवीला माहीत आहे. आली तर आधी याच्याकडेच येईल."

काकांनी त्याला टोक काढले आणि माझ्या जागी ठोकले. कोरडेच.

मित्रांनो, माया जरूर करा. पण ज्याच्यावर करता, त्याचे काम काय ते आधी विचारा. मी आता खिळ्याला लटकते. दर महिन्याला काका नवी खुंटी उपटून निरखतात. माझ्याकडे मात्र त्यांना अजून बघवत नाही.