नमद्याचा चौथा कोपरा

नवा खान पांढऱ्या नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, मांडी घालून बसला आणि तीन सरदारांनी आपापला कोपरा धरला. चौथा कोपरा जमिनीवरच राहिला. तो तुगाय बाबाचा होता.

बुखाऱ्याच्या किल्ल्यातले नगारे थांबले. चार टोळ्यांच्या सरदारांनी नमद्यासकट उचलल्याशिवाय कोणी खान होत नाही, आणि ज्याने एकदा कोपरा उचलला त्याला पुढे तक्रारीला तोंड राहत नाही. इथेच अडलं होतं. गादीवर बसण्याआधीच या माणसाने बाबाच्या टोळीचं नदीकाठचं हिवाळी कुरण आपल्या मेहुण्याच्या घोड्यांना देऊन टाकलं होतं. बर्फ पडल्यावर मेंढ्या तिथेच जगायच्या, दुसरीकडे नाही.

बाबाने झग्याच्या लांब बाह्या दुमडल्याच नाहीत. हात आतच ठेवले.

"वाकवत नाही का, बाबा? कंबर धरू?" शेजारच्या कोपऱ्यावरचा जाडजूड उराज सरदार कुजबुजला.

"तुझी तू सांभाळ. कुरण सुटल्याशिवाय मी वाकत नाही."

कारभारी मोमिन बेग लगबगीने आला. "आधी उचला, बाबा. कुरणाचं मग बघू."

"मग बघणारे फार बघितलेत मी."

"मुंडकं जाईल!"

"जाऊ दे. कोपरा उचलायला त्याला हात फुटतात का बघ."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कारभाऱ्याचे कान लाल झाले. तो भिंतीशी उभ्या असलेल्या बाबाच्या स्वारांकडे वळला. "तुमच्यातला जो पुढे येईल, तो आजपासून सरदार!"

स्वारांत बाबाचा सावत्र भाऊ एलबार्स होता. त्याचा सरदारकीवर किती वर्षं डोळा आहे, ते बाजारात नान भाजणाऱ्यालाही ठाऊक होतं. बाबाने मागे वळून पाहिलं नाही. पाठ मात्र ताठ झाली.

"सरदारकी मला हवीच आहे, कारभारी," एलबार्स म्हणाला. "पण मेलेल्या मेंढ्यांची नको." त्याने दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. शेजारच्याने सोडल्या, मग त्याच्या शेजारच्याने.

"खानसाहेब, हात भरून आले हो," उराज म्हणाला आणि परवानगीची वाट न बघता कोपरा खाली ठेवला. उरलेल्या दोघांनीही ठेवला. खान कलंडता कलंडता सावरला.

"कुरण परत दिलं," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"मोठ्याने," बाबा म्हणाला. "वेशीवर उभ्या असलेल्यांनाही कळू दे."

"कुरण परत दिलं!"

कारभाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना मनासारखं? उचला आता."

"आधी घोडे हलवा. आमचा माणूस नदीवर जाईल, रिकामं कुरण डोळ्यांनी बघेल आणि परत येईल. मग उचलतो."

"अहो, परवा उजाडेल त्याला! तोवर खानांनी काय इथेच बसायचं?"

बाबा सावकाश खाली बसला, खानाच्या अगदी समोर.

"पुलाव इथेच मागवा," तो म्हणाला. "आम्हीही जेवू."