पुढची जाड तार

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. जुनी म्हणजे मोडीत निघालेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. आणि मित्रांनो, मला खेळणं म्हणू नका. माझी लांबी हातभरही नाही, माझ्यात माणूस बसत नाही, मी रिमोटवर धावते, हे सगळं कबूल. पण खेळण्याला कुणी दर रविवारी सपाट काचेवर ठेवून त्याचा तोल बघत नाही. माझा बघत असत.

जपानमधल्या हामामात्सु शहरात तोकुमासु नावाचे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी मला खोक्यातून सुटी सुटी बाहेर काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडलं. खाली काळी पातळ कार्बनची चासी, चार चाकांवर चार स्प्रिंगा, आणि पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणारी एक आडवी तार. ही तार तेवढी लक्षात ठेवा. तार बारीक असली की माझं नाक वळणात चटकन आत शिरतं. जाड असली की मी जरा सबुरीने वळते. दोन्ही तारांत फरक केसाएवढा, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. डॉक्टर नेहमी बारीकच घालायचे. त्यांचा हात तसा होता. अक्कलदाढ काढली तरी पेशंट विचारायचा, "झालं का?"

तार बसवली की ते चाकूचं टोक माझ्या नाकाखाली अगदी मधोमध लावून मला हळूच उचलायचे. दोन्ही चाकं काचेवरून एकदम सुटली तर ठीक. एक आधी आणि एक मागून सुटलं, तर अंगात पीळ आहे म्हणायचं. मग सगळे स्क्रू ढिले करून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पत्नी सुमिए दवाखान्यातलं नोंदणीचं टेबल सांभाळायच्या आणि घरी मला सवत म्हणायच्या.

"रविवारचा नवरा हिचा," त्या शेजारणीला सांगायच्या. "माझ्या वाट्याला सोमवार ते शनिवार, तेही दवाखान्यातले."

आमचा ट्रॅक जुन्या बोलिंग हॉलच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली करडा गालिचा अंथरलेला, कडेला लाकडी पट्ट्या, एका बाजूला उंच फळी. तिच्यावर सगळे चालक रिमोट घेऊन ओळीने उभे राहतात. तिथे मी पुष्कळ वर्षं पुढे धावले. लोक मला उलटीपालटी करून बघायचे. ग्योझाच्या, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्यांच्या, दुकानाचा मालक मुरामात्सु, डॉक्टरांचा शाळेपासूनचा दोस्त, दर वेळी म्हणायचा, "तुझ्या गाडीला दात कोरायच्या सुईचं नाक आहे रे." मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग डॉक्टरांचा उजवा हात थरथरू लागला.

आधी चहाचा कप वाजायचा. मग एका पेशंटने तोंड मिटून घेतलं आणि तो खुर्चीतून उठून गेला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्याच्या दाराला कुलूप लावलं आणि मला कपाटात ठेवलं. चार चाकांवर उभी, तशीच. पूर्ण हिवाळा मी अंधारात काढला. स्प्रिंगा बसल्या, टायर एका बाजूने चपटे झाले. मला राग येत होता, पण बाहेर त्या घरात कुणी हसत नाही हेही मला ऐकू येत होतं.

शेवटी कपाट सुमिएंनी उघडलं. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं.

"चला, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"स्क्रू मी फिरवते. तुमच्या हातून पडतात आणि मग मला झाडूने शोधावे लागतात. त्यापेक्षा हे बरं."

तेव्हापासून स्क्रू फिरवायची ॲलन की सुमिएंच्या हातात आली आणि रिमोट डॉक्टरांच्या. सवत सवतीची वेणी घालायला बसली म्हणा ना. सुमिएंचे हात नवखे होते, पण घाई नव्हती. पीळ बघताना त्या श्वास रोखून धरायच्या. ट्रॅकवर डॉक्टर पुन्हा हसू लागले, शेवटच्या नंबरावर येऊनसुद्धा.

पण माझं नाक सुईचं आणि त्यांचा हात थरथरता. हे किती दिवस निभणार? आमच्याकडे एक रिवाज आहे. ज्याची शर्यत आटोपली, त्याने पुढच्या शर्यतीला कोपऱ्यावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. एकदा लांब सरळ वाटेच्या टोकाच्या वळणावर मुरामात्सु उभा होता. डॉक्टरांचा अंगठा रिमोटच्या चाकावर जरासा उडाला, माझं नाक तेवढ्याने वळलं, आणि मी पूर्ण वेगात त्याच्या घोट्यावर जाऊन आदळले. माझा पुढचा हात, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटला. मुरामात्सु खाली बसला तो उठेचना.

घोटा सुजला, मोडला नाही. "डॉक्टर, दाढ काढायची होती तर तोंडाकडे यायचं," तो विव्हळत म्हणाला. सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर मान लववून सांगितलं, "पुन्हा माझ्या गाडीने कुणाला लागलं, तर त्याच क्षणी रिमोट खाली ठेवीन. परत उचलणार नाही."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सुमिएंना माहीत होतं. आणि रिमोट खाली गेला की घरात पुन्हा तो हिवाळा येणार, हेही त्यांना माहीत होतं.

महिन्याभराने मी दुरुस्त होऊन पुन्हा ट्रॅकवर आले, त्या रविवारी बाहेर कोरडा वारा सुटला होता, हॉलच्या खिडक्या खडखडत होत्या. आदल्या दिवशी घरी सुमिएंनी कुणाला न सांगता माझी बारीक तार काढून जाड बसवली होती. सकाळच्या फेरीनंतर डॉक्टर टेबलापाशी आले. त्यांना अंतिम शर्यतीत जागा मिळाली होती, तीही ओळीच्या अगदी शेपटाला, पण कपाळावर आठ्या होत्या.

"ही झोपलीय," ते म्हणाले. "वळायला सांगतो तर विचार करते. काय केलंस हिला?"

सुमिए जवळच्या मिक्काबी गावचं संत्रं सोलत होत्या. "पुढे जाड तार घातली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणजे तूही म्हणतेस, माझा हात गेला."

सुमिएंनी संत्रं खाली ठेवलं. "हात नाही गेला. हात बदललाय. गाडी मात्र जुन्याच हाताची राहिलीय."

"काढ ती." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शेवटची शर्यत असेल तर असू दे, पण मी माझ्या गाडीने धावणार. म्हाताऱ्याचं खेळणं चालवायला मी इथे येत नाही."

खेळणं हा शब्द ऐकून मला काय वाटलं असेल, मित्रांनो, तुम्हीच बघा.

सुमिएंनी मला मांडीवर घेतलं आणि पाठ फिरवली. ॲलन की लागली, दोन स्क्रू ढिले झाले, जाड तार सर्रकन बाहेर आली. डॉक्टर मागे उभे राहून ऐकत होते. हत्यारांच्या पेटीच्या कप्प्यात बारीक तार होती. सुमिएंची बोटं तिच्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी हातातली जाड तार फडक्याने पुसली आणि तीच परत माझ्यात घातली. स्क्रू आवळले. मला काचेवर ठेवून चाकूचं टोक लावलं. दोन्ही चाकं एकदम सुटली.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

हे गुपित फक्त सुमिएंना ठाऊक होतं आणि मला. मला जीभ असती तरी मी काय सांगितलं असतं, देव जाणे. नाक बोथट झाल्याचं मलाही दुःख होतंच.

मुरामात्सुची शर्यत आधीच आटोपली होती. तो लंगडत येऊन नेमका त्याच वळणावर उभा राहिला.

"दुसरीकडे उभा राहा ना रे," डॉक्टर फळीवरून म्हणाले.

"का? एक घोटा अजून शाबूत आहे," तो म्हणाला.

भोंगा वाजला आणि आम्ही दहा जणी सुटलो. पहिल्या वळणावर डॉक्टरांनी बारीक तारेच्या हिशेबाने उशिरा आणि हलकेच वळवलं. मी वळलेच नाही. बाहेर बाहेर जात लाकडी पट्टी घासत कशीबशी सुटले. फळीवर ते पुढे वाकून माझ्याकडे बघू लागले. खाली सुमिए ते फडकं मुठीत धरून उभ्या होत्या. आता डॉक्टरांना कळलं, मी मनात म्हटलं, आता ते मला मधेच थांबवणार आणि सगळ्यांसमोर बाईंना बोलणार.

दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर त्यांनी मला किंचित आधी वळवलं. तिसऱ्या फेरीत आणखी आधी. जाड तारेच्या गाडीला सांगावं लागतं तसं. मी मुकाट वळले. त्यांचा अंगठा उडत होता, मला दर क्षणी कळत होतं, पण ती थरथर तारेत मुरून जायची, चाकांपर्यंत पोचायची नाही. पुढच्या घाई करणाऱ्या गाड्या एकमेकींना खेटून उलटत होत्या. मी एक एक करून त्यांना मागे टाकत गेले.

शर्यत संपत आली होती. मी त्या लांब सरळ वाटेवर पूर्ण वेगात आले, आणि समोर वळणावर एक गाडी पालथी पडली. मुरामात्सु वाकून तिच्याकडे निघाला. दुखऱ्या पायाने त्याला लवकर परतता येईना. तो बरोब्बर माझ्या वाटेत होता.

डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा हात जोरात उडाला. आजवर कधी उडाला नव्हता इतका. सुईचं नाक असतं तर मी जागच्या जागी गरकन फिरून त्याच्या दोन्ही पायांवर गेले असते. त्या धक्क्याने मी नुसती डुलले. तेवढ्यात डॉक्टरांनी रिमोटचं चाक आवरलं, आणि मी मुरामात्सुच्या बुटाला वारा घालून पलीकडे निघून गेले. त्याने उलटलेली गाडी सरळ केली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

कितवी आले ते विचारू नका. पहिली नव्हते.

टेबलापाशी सुमिए मान खाली घालून चिमटे आवरत होत्या. डॉक्टर आले आणि त्यांनी थेट पेटीचा कप्पा उघडला. बारीक तार तिथेच पडलेली होती. सुमिएंचे हात थांबले. मुरामात्सु लंगडत आला, तेव्हा डॉक्टर ती तार कापत्या बोटांनी उचलायचा प्रयत्न करत होते. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा आली. ती त्यांनी मुरामात्सुपुढे धरली.

"घे. आपल्या दोघांच्या गाड्या एकाच साच्यातल्या. तुझ्या गाडीला बसेल."

"आणि तुझ्या गाडीला?"

"तिच्यात हिने घातलीय ती आहे," डॉक्टर म्हणाले. "मला हवी होती तीच."

मुरामात्सु काही समजल्यासारखा, काही न समजल्यासारखा सुमिएंकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही रडताय का?"

"संत्र्याची साल उडाली डोळ्यात," सुमिए म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेलं संत्रं सोलून अर्धं डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते थरथरत्या हाताने, सगळ्यांदेखत खाल्लं.

त्यानंतरही आम्ही पुष्कळ रविवार धावलो. मग एक दिवस डॉक्टरांनी रिमोट आपण होऊन ठेवला. कुणाला लागलं म्हणून नव्हे. पुरे झालं म्हणून. आता मी दारातल्या चपलांच्या कपाटावर असते. पण चाकांवर उभी नाही. सुमिएंनी माझ्या पोटाखाली लाकडी ठोकळा दिलाय, चाकं अधांतरी असतात, स्प्रिंगांवर भार नाही. वर्ष सरताना घराची मोठी साफसफाई होते, तेव्हा त्या मला काचेवर घेतात, स्क्रू ढिले करून पुन्हा आवळतात, आणि चाकूच्या टोकावर उचलतात. डॉक्टर शेजारी बसून बघतात. चाकं एकदम सुटली की दोघं एकमेकांकडे बघून हं म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूसही असेल. पूर्वी कसं होतं याचा हिशेब धरून त्याला वापरू नका. हात बदलला की तार बदला. आणि हो, मला कधी बघायला आलात तर धूळ झटका, उलटीपालटी करून बघा, पण ठेवताना ठोकळ्यावरच ठेवा.