चेनवाल्या राक्षसाचा सूड

मित्रांनो, बसा, पळू नका. तसंही मला घाबरून आजवर कोणी पळालेलं नाही. मी एक जुना राक्षस आहे. म्हणजे राक्षसाचा पोशाख. एका भयपटासाठी दिग्दर्शकाच्या मावशीनं स्वतःच्या बैठकीतला गालिचा कापून मला शिवलं. डोळ्यांना टेबल टेनिसचे चेंडू, नखांना प्लास्टिकचे चमचे. पाठीला चेन लावून तिनं भाच्याला बजावलं, "याची पाठ तेवढी कॅमेऱ्याला दाखवू नकोस हं."

पण साहेबांना घाई! त्यांनी मला घातलेल्या नटाला पाठमोरं पळवलं. पहिल्याच खेळाला माझी चेन पडद्यावर लखलखली आणि सगळं थिएटर पोट धरून हसलं. भाच्यानं सगळ्यांदेखत हात झटकले, "मावशीनं शिवलंच तसं, मी काय करू?" मावशी मध्यंतरातच घरी गेली. पुन्हा तिनं सुई हातात धरली नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदरांनी माझा एक कान खाल्ला, राग मात्र शाबूत राहिला. याचा सूड घ्यायचाच, हे मी तिथंच ठरवलं.

वर्षं गेली. गंमत म्हणजे तोच सिनेमा लोकांना आवडू लागला. दोरीवरची वटवाघळं, धक्का लागताच डुलणारी पुठ्ठ्याची थडगी आणि माझी चेन! ती दिसली की शिट्ट्या पडत. भाच्याचा सत्कार ठरला. मला माळ्यावरून काढून झटकलं. स्टेजवर तो ऐटीत म्हणाला, "चेन मी मुद्दामच दाखवली होती. कल्पना माझीच!" पहिल्या रांगेतल्या मावशीनं मान खाली घातली.

मग फोटोसाठी तो माझ्यात शिरला. मी चेन जी आवळली, ती दोघातिघांनी ओढूनही हलेना. आत तो घामाघूम. "मावशी, उघड ना गं!" कॉलरला लावलेल्या माइकमधून आवाज सभागृहभर घुमला.

मावशी काठी टेकत वर आली. "उघडते. आधी सांग, चेन कोणामुळे दिसली?"

तो आतूनच चेन ओढू लागला. मी आणखी आवळलं.

"माझ्यामुळे! तू बजावलं होतंस, मीच ऐकलं नाही!"

तिचा हात लागताच मी चेन सोडली. त्या दिवशीच्या टाळ्या मावशीला मिळाल्या.

आता मी तिच्याच घरी असतो. तिनं माझा कान नवा शिवलाय. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा आणि त्या घडवणाऱ्या हातांवर आपली चूक ढकलू नका. भाचा अधूनमधून येतो, पण माझ्यापासून चार हात लांब बसतो. इतक्या वर्षांत मला खरोखर घाबरलेला माणूस तो एकच.