सरकारी झिंगे

खुणेचा चौथा झिंगा टोपलीतून वर आला आणि केळुसकर साहेबांनी त्याची शेपटी उन्हात धरून पाहिली. कड कात्रीने कापलेली होती. "चार," ते म्हणाले. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एकूण दोन हजार झिंगे मोजून झाले होते आणि टोपल्या संपल्या होत्या.

साहेब मासेखात्याचे, मूळचे मालवणकडचे. त्यांची निम्मी नोकरी समुद्रातली कोळंबी मोजण्यात गेली होती. चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि त्यांची बदली नागभीडकडच्या या तळ्यावर झाली. झिंग्याला ते कोळंबीच म्हणत आणि इथला भात घशाखाली उतरत नाही म्हणून रोज कुरकुरत. माणूस मात्र वाईट नव्हता.

तळ्यात झिंगे किती, आणि दरवर्षी किती काढले तर तळं रिकामं होणार नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी चारशे झिंगे धरून, शेपटीची कड कापून, परत पाण्यात सोडले होते. पोतंभर लाखोळीत मूठभर रंगवलेले दाणे मिसळायचे, मग ओंजळभर काढून त्यात रंगीत किती ते पाहायचं. जास्त निघाले तर पोतं लहान, थोडे निघाले तर मोठं. गावच्या मासेमार ढिवरांना त्यांनी हे असं समजावलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. साहेब बोलत असला की आमच्याकडे माना आपोआप डोलतात.

दोन हजारांत चारच निघाले. साहेबांनी आकडेमोड केली आणि खूश झाले. तळ्यात दोन लाख झिंगे आहेत, वर्षाला पन्नास हजार खुशाल काढता येतील. एवढं काम गावच्या हातजाळ्यांना झेपणारं नव्हे, तेव्हा बाहेरचा ठेकेदार आणावा, मोठं बारीक विणीचं जाळं लावावं, असं ते मोठ्याने वाचत लिहू लागले.

इस्तारी ढिवर पाळीवर उकिडवा बसून ऐकत होता. चाळीस वर्षं तो हे तळं राखत होता, तळं मालगुजार जमीनदाराचं होतं तेव्हा तर पगाराशिवाय. आता मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं आणि साहेबांनी कायम चौकीदार म्हणून त्याचं नाव सुचवलं. पितळी बिल्लाही देऊन टाकला होता. इस्तारी तो बंडीवरून झोपतानाही काढत नसे. बायको गोकुळा यावरून त्याची थट्टा करी, पण चिंच लावून बिल्ला चकाकता ठेवी तीच.

खरं तर "चार" ऐकून इस्तारी आधी ओशाळला होता. चार तरी कसे वर आले, असं त्याला वाटलं होतं. पन्नास हजार ऐकल्यावर मात्र त्याचा जीव चरकला. चांगल्यातल्या चांगल्या वर्षीही गावाने दहा हजार झिंगे काढले नव्हते. तसलं जाळं दोन वर्षं फिरलं की तळ्यात चिखल तेवढा राहणार होता. आणि चूक कुठे झाली तेही त्याला आता कळलं.

"खुणेची कोळंबी नीट सांभाळा," असं साहेबांनी सांगितलं होतं. सापडली की वेगळी ठेवा, असं त्यांना म्हणायचं होतं. इस्तारीला सांभाळण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. त्याने झिंगे धरणाऱ्या बायांना बजावलं, की कापल्या शेपटीचे झिंगे सरकारी, त्यांना धरायचं नाही. म्हणून बाया पाण्यात उभ्या राहूनच टोपली निवडत आणि सरकारी झिंगे अलगद परत सोडत. जे चार वर आले ते म्हाताऱ्या कमळाबाईच्या टोपलीतले होते. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

गप्प राहिला असता तर नोकरी पक्की होती. इस्तारी उठून उभा राहिला.

"साहेब, ते चार नाई," तो म्हणाला. "आमी सोडून देल्ले."

"काय सोडून दिलं?"

"तुमचे झिंगे. सरकारी म्हून. मीच सांगतलो बायायले. त्यायची काई चूक नाई."

"किती सोडले?"

"कोणी मोजले नाई. लई होते."

पुन्हा मोजायला सवड नव्हती. परवा साहेबांना नागपूर गाठायचं होतं. दोन लाखांचा कागद त्यांनी फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. मोजणी फुकट गेली, तूर्त ठेका देऊ नये, गावची मासेमारी आहे तशी चालू द्यावी. कारण लिहायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला. कारणात तुझं नाव येणार, ते म्हणाले, मग चौकीदारीचं माझ्या हातात काही राहणार नाही.

"लिवा," इस्तारी म्हणाला. त्याने अंगठा दिला, बिल्ला स्वतःच काढला आणि कागदावर ठेवला. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. घरी जाताना तो पाळीच्या लांबच्या बाजूने गेला.

आठवड्याने तो आणि गोकुळा कमरभर पाण्यात झिंगे धरत होती. बंडीला छातीशी टाचणीची दोन भोकं तशीच होती. टोपलीत कापल्या शेपटीचा एक झिंगा आला, चांगला बोटभर. इस्तारीने तो अलगद उचलला.

"आता काऊन सोडता?" गोकुळा म्हणाली. "साहेब तं गेला."

"सांभाळा म्हणला होता नं," इस्तारी म्हणाला. त्याने तळहात पाण्याखाली नेला आणि झिंगा आपला आपण निघून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.