दत्तोपंतांची कुरकुर

दत्तोपंतांनी टाकलेली भाकरी निम्मी तव्यावर पडली आणि निम्मी चुलीत.

"पाणी जास्त झालं," मागच्या पडवीतून अनुसूयाबाई म्हणाल्या. तिथून चूल दिसत नव्हती, पण त्यांना आवाजावरून कळे.

"कचेरीत लोक मला वाकून रामराम करतात, अन् घरी मी फुंकणी फुंकून राहिलो!"

कळमनुरीच्या कचेरीतल्या या कारकुनावर ही वेळ बायकोच्या विटाळामुळं आली होती. सगळं थांबून काही वर्षं लोटल्यावर, पन्नाशी उलटल्यावर अनुसूयाबाईंना पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, आणि आता ते थांबेचना. विटाळ म्हणजे बाजूला बसणं आलं, आणि घरात आता दुसरं कोणी नसल्यामुळं चूल दत्तोपंतांच्या गळ्यात पडली. बाईंना आधी ही देवीची कृपाच वाटली. उभ्या जन्मात इतके दिवस बसून खायला मिळालं नव्हतं. दत्तोपंतांनी शेवटी दवाखाना गाठला तो बायकोच्या काळजीनं नव्हे, भाकरीच्या धास्तीनं. माणूस वाईट नव्हता, भुकेला होता.

डॉक्टर कमरजहाँ हैदराबादेहून शिकून आलेल्या. बाजारच्या दिवशी त्या कळमनुरीत बसत. त्यांनी पडद्याआड अनुसूयाबाईंना तपासलं आणि एकेक विचारू लागल्या. उत्तरं पडद्याबाहेरून दत्तोपंत देत होते.

"काही तकलीफ?"

"न्हाई."

"कंबर दुखते?"

"बिलकुल न्हाई."

अनुसूयाबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी दत्तोपंतांना ओसरीवर बोलावलं. "गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर आहे. अजून लहान आहे. मुंबईला रेडियमचा इलाज होतो, लवकर न्या. मी त्यांना समजावून सांगते."

"तुमी नका. मी सांगतो बराबर," दत्तोपंत म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "उष्णता हाय. मुंबईला जावं लागंल."

"उष्णतेसाठी मुंबई? सब्जा भिजवून खाते की."

"तिथली हवा चांगली असते."

"खारी हवा? तुमच्या वरणात नसतं ते मीठ खायला तिथवर जायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळा डाव टाकला. "मला मुंबई बघायची लई हौस हाय गं."

"मग तुमी जाऊन या. मी बसते इथं निवांत."

खोटं बोलायलाही सवय लागते. दत्तोपंतांचं प्रत्येक खोटं त्यांच्याच अंगावर उलटत होतं आणि बाई पडवीतून हलत नव्हत्या. रात्री दत्तोपंतांना झोप लागेना. सकाळी उठून ते मुकाट चूल पेटवत. भाकऱ्या मात्र आता गोल होऊ लागल्या होत्या.

पुढल्या बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी वरून भाकरी वाढली. अनुसूयाबाईंनी ती हातात धरून उलटसुलट पाहिली.

"दवाखान्यातून आल्यापासून तुमी एकदा बी कुरकुरला न्हाईत," त्या म्हणाल्या. "मला काय झालंय?"

दत्तोपंत उंबऱ्यावरच बसले. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. अनुसूयाबाईंच्या हातातली भाकरी तशीच होती.

"बरी होईन का?"

"ते विचारलं न्हाई."

"इलाज दुखतो का?"

"ते बी राहिलं."

"मग विचारलं काय तुमी?"

"परतीची मोटार कवा हाय ते."

"रोग माझा, अन् निरोप तुमच्याजवळ!" अनुसूयाबाई कडाडल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या अंगणात गेला. "उद्या मी बोलणार. तुमी भाईर बसायचं."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत दवाखान्याच्या बाकावर बसले. आज बाजूला बसायची पाळी त्यांची होती. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

"त्या दिवशी मी तुमच्याशीच बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा पानाचा बटवा द्या जरा. ही पिशवी समजा. हे नाडीजवळचं तोंड. गाठ इथं धरली आहे. आतवर गेलेली नाही."

"बरी होईन का, बाई?"

"हमी कुणीच देणार नाही. पण आत्ता गेलात तर मला उमेद आहे. उशीर केलात तर राहणार नाही."

"दुखंल?"

"थोडी तकलीफ होईल. नंतर थकवा राहील बरेच दिवस. घरी रांधायला कोणी आहे?"

दत्तोपंत सवयीनं उत्तर द्यायला अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

"हायेत की," आत अनुसूयाबाई म्हणाल्या. "शिकवलंय मी. मीठ तेवढं विसरतात."

दत्तोपंतांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं, घसा साफ केला आणि पडद्याकडं तोंड करून होता नव्हता तेवढा जोर लावून ते कुरकुरले, "मिठाचं काहून सांगून राहिलीस परक्याला? अन् धुरानं माझे डोळे गेले, त्याचं काहीच न्हाई!"

"हां, आता ठीक," अनुसूयाबाई म्हणाल्या. "सांगा बाई, मुंबईला कवा निघायचं?"