पातळ तेल

चारुदत्तने गाडीत मुद्दाम चुकीचं तेल घातलं होतं, आणि हे त्याच्याखेरीज फक्त नत्थू मिस्त्रीला ठाऊक होतं.

नत्थूचं गॅरेज रायपूरच्या गुढियारी भागात. त्याने बिचाऱ्याने सांगून पाहिलं. "भैया, ये तो नई गाड़ी का तेल है." चारुदत्तची अॅम्बेसेडर पार म्हातारी. मीटरचे आकडे केव्हाच संपून पुन्हा शून्यापासून सुरू झालेले. इंजिनातल्या रिंगा झिजल्या होत्या. त्यांच्या फटींतून तेल वर चढायचं, जळायचं आणि निळा धूर होऊन मागून बाहेर पडायचं. अशा इंजिनाला घट्ट तेल घालतात. घट्ट तेल फटीतून सहज निसटत नाही, म्हणून जळतं कमी. एवढं तर गॅरेजसमोरचा चहावालाही सांगेल. "बीस-पचास डालो, धुआँ दब जाएगा. इंजन बाद में खोलेंगे," घट्ट तेलाचा डबा दाखवत नत्थू म्हणाला. चारुदत्तने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पातळ तेलाचा डबा उचलला. नत्थू बघतच राहिला. गिऱ्हाइकाचंच डोकं फिरलं असेल तर मिस्त्रीने काय करायचं?

पण डोकं फिरलं नव्हतं. चारुदत्तला धूर हवा होता.

तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घराच्या आवारातून गाडी गल्लीत काढायची तर उलटीच काढावी लागे. त्याचे वडील नीलकंठराव होते तोवर रोज सकाळी गाडीमागे उभे राहायचे. हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करायचे आणि गाडी गल्लीत आली की "बस!" म्हणून डिकीवर थाप मारायचे. पोरगा पस्तिशीला आला, सरकारी कचेरीत बाबू झाला, तरी याला गाडी मागे घेता येते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चारुदत्त वैतागायचा. "बाबा, मले आरशात दिसते न!"

"तुले काय दिसते ते मले माहीत आहे," ते म्हणायचे.

मग एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आरडाओरडा नाही, निरोप नाही. पुढच्याच वर्षी गाडी तेल पिऊ लागली. एका सकाळी चारुदत्तने थंड इंजिन सुरू केलं, मागचं आवार निळसर धुराने भरून गेलं, आणि आरशात बाबा उभे होते. पांढरा सदरा, वर केलेला हात. येऊ दे, येऊ दे.

चारुदत्तची बोबडी वळली. तो दार उघडून मागे धावला तर नुसता धूर, आणि धूर विरला तेव्हा नुसतं आवार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाबरलेल्या माणसाने सरळ इंजिन खोलून घेतलं असतं, पण याची भीती हळूहळू गेली आणि ओढ लागली. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं, रस्ते खणले गेले, नव्या गाड्यांवर सीजी नंबरच्या पाट्या आल्या, कचेरीत रोज नवा साहेब येऊ लागला. चारुदत्तला त्या गर्दीत फार एकटं वाटायचं. सकाळचा तो धूर तेवढा त्याचा होता.

त्याच्या मुलीला, गंधालीला, तो धूर सोसत नव्हता. आजोबा गेल्यावर झालेली ही पोर चार वर्षांची होत आली होती. छाती भरायची, श्वासाला शिट्टी लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, घरात धूर नको. बायको, मीरा, रोज विचारायची, "अहो, तेल बदललं न?"

"बदललं," चारुदत्त सांगायचा. ते खरंही होतं. तेवढंच त्याचं समाधान.

त्या दिवशी गंधालीच्या बालवाडीला सुटी होती. पातळ तेलाने आपलं काम चोख केलं; धूर असा दाटला की फाटकही दिसेना. बाबा मात्र आज कधी नव्हे इतके स्पष्ट दिसत होते, सदऱ्याच्या गुंड्यांसकट. येऊ दे, चारू, येऊ दे. चारुदत्तने मान वळवायचीही तसदी घेतली नाही. गाडी मागे सरकू लागली.

तेवढ्यात मागून खोकला आला. बारीक, शिट्टी लागलेला.

त्याने ब्रेकवर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं आणि उतरून मागे धावला. गंधाली डिकीच्या अगदी मागे उकिडवी बसून खडूने लंगडीची घरं आखत होती. बंपर तिच्या डोक्यापासून वीतभर. ती खोकत होती, डोळे चोळत होती, आणि तिच्या मागे उभे राहून बाबा, आज आरशाबाहेरही, हसतमुखाने हात हलवत होते. येऊ दे, येऊ दे.

त्यांना ती दिसतच नव्हती. त्यांच्या आवारात ही पोरगी कधी नव्हतीच.

चारुदत्तने लेकीला उचलून छातीशी धरलं. "पापा, मेरा चॉक गिर गया," ती म्हणाली.

त्याच दिवशी त्याने नत्थूकडे जाऊन सगळं तेल काढायला लावलं आणि बीस-पचास भरून घेतलं. इंजिन खोलायचंही ठरवून टाकलं. नत्थूने मान डोलावत "हव" म्हटलं आणि शहाणा माणूस, पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. धुराची एक बारीक रेघ निघाली आणि विरली. आरशात फाटक होतं, गल्ली होती, दूधवाल्याची सायकल होती. चारुदत्त उतरला, मागे जाऊन स्वतः सगळं बघून आला, तेव्हा दारात त्याची आई, मंदाकिनीबाई, उभी दिसली. नेहमीसारखी केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून.

"आज आले नाहीत," ती म्हणाली.

चारुदत्त पायरीपर्यंत आला. "कोण, आई?"

"कोण म्हणून काहून विचारतोस? मी रोज सकाळी इथं येऊन उभी राहते ते काय तुले पाहाले?"

पाच वर्षं हे गुपित आपण एकट्याने जपलं असं त्याला वाटत होतं. "आई, मी तेल बदललं. पातळ होतं ते काढून टाकलं. काल गंधाली..."

"मी पाहिलं न काल. धूर जास्त म्हणून दार लावलं होतं, खिडकीच्या काचेआडून ओरडून राहिली होती मी त्यांच्यावर, अहो, पोट्टी आहे, आपली पोट्टी आहे! त्यांना ऐकूच गेलं नाही." तिने पदराने तोंड पुसलं आणि रिकाम्या आवाराकडे बघत राहिली. "बरं केलंस. जा आता, उशीर होऊन राहिला तुले."

तो गाडीत बसला तशी ती पायऱ्या उतरून खिडकीपाशी आली.

"चारू, ते पातळ तेल आता पुन्हा घालू नको," ती म्हणाली. "मी रडून सांगितलं तरी घालू नको."